कच्ची सही

खंडेनवमीच्या सकाळी बेंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या रस्त्याला झेंडूचा पूर आला होता. ट्रकांच्या तोंडाशी केळीचे खांब, रिक्षांच्या आरशांना माळा, आणि चौकाचौकांत फोडलेल्या कोहळ्यांचा कुंकवाळलेला चिखल. त्या चिखलावरून दुचाकीवाले पाय टेकत, जपून जपून पुढं सरकत होते. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीशी प्रियदर्शनी उभी होती. डोळे रस्त्यावर होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं, असं तिचं मघापासून चाललं होतं.

त्यांची कंपनी लहान, माणसं मोजकी, आणि त्या सगळ्यांचं मिळून लेकरू एकच. त्याचं नाव जागल्या. गावाच्या वेशीवर काठी आपटत राखण करणारा असतो ना, त्याच्यावरून हे नाव प्रियदर्शनीनंच सुचवलं होतं. निपाणीकडची पोर ती, गावाकडचं नाव चटकन ओठांवर आलं. हा जागल्या संगणकाची राखण करायचा. पण राखण करायची म्हणजे ओसरीवर बसून भागत नाही. चोर कुठून येईल सांगता येत नाही, म्हणून राखणदारालाही थेट माजघरात जागा द्यावी लागते. माजघरात बसणारा जागल्याचा जो तुकडा, त्याला ड्रायव्हर म्हणत. तो लिहायचं काम प्रियदर्शनीचं.

आता माजघरात कुणालाही कसं घ्यावं? म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांचा नियम कडक होता. ड्रायव्हरवर आधी आपल्या कंपनीची सही घालायची, तो त्यांच्याकडे पाठवायचा, त्यांनी तपासून आपली सही उमटवायची, मगच जगातले संगणक त्याला आत घेणार. नाहीतर उंबऱ्यावरच अडवणार. कंपनीची ती सही एका बोटाएवढ्या टोकनमध्ये असे. दिसायला साधा पेन ड्राइव्ह. ते टोकन मालकाच्या, म्हणजे अजितच्या खिशात असायचं. ही झाली पक्की सही. रोजच्या चाचण्यांना दर वेळी कुठं तिचा खटाटोप करायचा, म्हणून प्रियदर्शनीपाशी तिची स्वतःची एक कच्ची सही होती. ती बाहेर कुठंच चालत नसे. फक्त तिच्या संगणकाला तिनं सांगून ठेवलं होतं, की बाबा, ही माझी सही, हिला अडवू नकोस. तो बापडा अडवत नसे.

त्या आठवड्यात ऑपरेटिंग सिस्टिमचं मोठं अपडेट आलं होतं, आणि त्याच्याशी जुन्या जागल्याचं पटत नव्हतं. दोघं एका घरात आले की पडदा निळा व्हायचा, संगणक बसकण मारायचा. दिवसरात्र एक करून प्रियदर्शनीनं नवा ड्रायव्हर लिहिला. आदल्या संध्याकाळी तो पहिल्या ग्राहकाकडे, तानूबाईंकडे, गेलासुद्धा. मग आता कशाची हुरहुर? तिलाही कळत नव्हतं. घराला कुलूप लावून निघावं, आणि बस सुटल्यावर गॅस बंद केला का नाही ते आठवू नये, तसं काहीसं झालं होतं.

"प्रिया, ये ना, आरती सुरू करतोय," अजितनं हाक मारली.

मधल्या मोठ्या टेबलावर लॅपटॉप ओळीनं मांडले होते. प्रत्येकाच्या कपाळी कुंकू, गळ्यात माळ. अजितची आई, सगुणाबाई, पुण्याहून खास दसऱ्याला आली होती. लेकाच्या जे. पी. नगरच्या घरची पूजा उरकून ती आता इथल्या पूजेला बसली होती.

"आई, लॅपटॉपना नुसतं फूल हं. प्लीज, पाणी नको," अजितनं बजावलं.

"कळतं रे मला. तुझ्या जन्माआधीपासून खंडेनवमी करतेय मी."

"आणि हे बघ, हे ठेव मध्ये." त्यानं खिशातून टोकन काढून आईच्या तळहातावर ठेवलं. "आमचं खरं शस्त्र हे. याच्याशिवाय आमचं काहीही बाहेर जात नाही."

सगुणाबाईनं ते दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं. "एकदा पूजेत ठेवलं की उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. आज हत्यारांना विसावा. त्यांनाही वर्षाकाठी एक दिवस मिळू दे."

"आणि हत्यारं चालवणाऱ्यांना?" मागून रोशन म्हणाला. हा नागपूरचा, चाचण्या घेणारा. "आम्ही तर दिवाळीतही घासून राहिलो, काकू."

हशा पिकला, आरती झाली, खोबऱ्याचे तुकडे हातोहात वाटले गेले. तेवढ्यात प्रियदर्शनीचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, तानूअक्का.

तानूबाई म्हणजे जागल्याची पहिली ग्राहक. देवनहळ्ळीच्या किल्ल्यापलीकडे तिचं रेशीमकिड्यांचं केंद्र होतं. अंड्यातून निघालेली कोवळी पिल्लं पहिले काही दिवस तिथं वाढवायची, आणि धीट झाली की शेतकऱ्यांना द्यायची. पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात रुजलेलं मराठी घर ते. तिची मराठी कानडीत भिजवून काढल्यासारखी. सगळ्यांत आधी तिनं जागल्या घेतला आणि मागोमाग इतर ग्राहक आले, म्हणून अजितच्या मनानं घेतलं, की हिचा हात शुभ. तेव्हापासून रिवाजच पडला. नवं काहीही निघालं, की पहिल्या दिवशी ते फक्त तानूबाईंच्या संगणकावर जायचं, तिच्या हातून बोहनी व्हायची, आणि मग बाकीच्यांकडे. तिचा संगणकही साधासुधा नव्हता. किड्यांच्या दालनातली ऊब आणि ओलावा तोच सांभाळायचा.

"मगळे," तानूबाई म्हणाली. कानडीत लेकीला म्हणतात तशी ती प्रियदर्शनीला मगळे म्हणायची. "काय झालंय की गं याला? पहाटे लाइट जाऊन आली. तवापासनं निळाच बसलाय. आत येईना."

प्रियदर्शनी खिडकीकडे सरकली. "अक्का, निळ्यावर काय लिहिलंय?"

"इंग्लिश लिहिलंय."

"तसं नव्हे. अक्षरं वाचा की एकेक."

"थांब, चष्मा… हां. डी. आय. जी. आय. मग टी, ए, एल. मग जागा सोडलीय. एस, आय, जी, एन…"

पुढची अक्षरं प्रियदर्शनीला ऐकावी लागली नाहीत. सही पटत नाही, असं तो संगणक सांगत होता. कुणाची सही? तिचा हात टेबलावरच्या आपल्या लॅपटॉपकडे गेला. झेंडूची माळ पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर लोंबत होती. तिनं ती बाजूला केली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, हे यंत्र चाचणीच्या अवस्थेत आहे. ती अक्षरं तिथं कायमच असत. इतकी कायम, की तिला ती दिसतच नसत, जसा आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही.

आणि संध्याकाळ लख्ख आठवली. पक्की सही झालेला ड्रायव्हर रोशनच्या यंत्रावर ऐन वेळी एकदा कोसळला. तिनं दोन ओळी सुधारल्या, पुन्हा बांधला, आपल्या यंत्रावर चालवला. चालला. सही तपासणाऱ्या आज्ञेनंही बिनबोभाट हिरवा कौल दिला. देणारच ना! तिच्या संगणकाला तिची कच्ची सही खरीच वाटायची. बाहेर माळा ओवणं चाललं होतं, कुणीतरी दोरा मागत होतं, आणि तिनं तो तसाच धाडून दिला. अजितकडे सहीला द्यायचा राहून गेला. पहाटे वीज जाऊन संगणक पुन्हा उठला, तेव्हा उंबऱ्यावरच अडखळला.

"मगळे? हायेस का?"

"आहे, अक्का. किड्यांचं काय चाललंय?"

"तेच की! आज जाग यायचा दिवस. कात टाकायच्या पहिल्या झोपेतनं उठायलीत. निम्मी अजून डोकं वर करून निजलीत, निम्मी हलायलीत. झोपेत कोरडं चालतंय, जाग आली की ओल लागतीय, ऊब लागतीय. इथं तर खोली गार पडत चाललीय, पाला कडक व्हायलाय. कडक पाला कोवळ्या तोंडांना चावता येतोय का?"

प्रियदर्शनीनं ते दालन पाहिलं होतं. थरावर थर रचलेले ट्रे, त्यांत बारीक चिरलेला तुतीचा पाला, आणि पाल्यावर कापलेल्या केसांसारखी करडी, वळवळती पिल्लं. झोपलेल्या पिल्लांपाशी आवाज करू नये म्हणून तानूबाई तिथं कुजबुजत चालायची आणि हलकेच गुणगुणायची,

निजली माझी बाळं, मान वर करूनी
वाऱ्याला सांगा बाई, जाऊ दे दुरूनी

"ओली पोती लावा अक्का भिंतींना. शेगड्या आणा," ती म्हणाली. "मी करते काहीतरी. चूक माझीच आहे."

"चूक कुणाची का असेना. तू फकस्त लवकर कर. दुपारपर्यंत पाला घातला नाही तर उपाशी मरतील गं लेकरं."

फोन ठेवून ती वळली, तर अजित प्रसादाचा द्रोण घेऊन समोरच. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"व्हॉट?" द्रोण टेबलावर आदळला. "कच्च्या सहीचं बिल्ड कस्टमरला? प्रिया, तू? म्हणजे, रोशननं केलं असतं तर मी समजू शकलो असतो."

"वा रे वा," रोशन म्हणाला. "मी तर खोबरं खाऊन राहिलो बे इथं."

"नवी सही करून देऊ या," प्रियदर्शनीचे शब्द एकमेकांवर आदळत होते. "आत्ता. पक्की सही घालू, ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांकडे पाठवू, तासाभरात परत येतो. मग अक्कांचा संगणक सही न तपासता एकदाच उठवता येतो, एक आकडा दाबून. तो उठला की खरा ड्रायव्हर खाली उतरेल. फक्त टोकन हवं."

तिघांचेही डोळे ताम्हनाकडे गेले. फुलांच्या ढिगात टोकनचं टोक तेवढं दिसत होतं. सगुणाबाई शेजारीच वाती सावरत बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई…" अजित घुटमळला.

"किडे म्हणजे, जिवंत?" सगुणाबाईनं विचारलं.

"हो, काकू. लहान आहेत. आत्ता जागी होतायत," प्रियदर्शनी म्हणाली.

सगुणाबाई क्षणभर देवीच्या तसबिरीकडे बघत राहिली. मग तिनं चिमूटभर अक्षता उचलल्या, टोकनवर टाकल्या आणि ते बोटानं जरासं हलवलं. "हलवलं. झाली त्याची उत्तरपूजा. माझी विळी मी कधी पूजेत ठेवते का? पाहुणे जेवायचे असतात. घे."

अजितनं टोकन झटकलं, शर्टाला पुसलं, लॅपटॉपला लावलं. एरवी त्यात निळा ठिपका लुकलुकायचा. आज काही लुकलुकलं नाही. त्यानं काढलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं. दुसऱ्या बाजूनं लावलं. रोशनच्या यंत्राला लावलं. काही नाही. शेवटी त्यानं ते उलटं धरून टिचकी मारली, आणि टेबलावर हळदीच्या पिवळ्या पाण्याचा एक थेंब टपकला.

"आई," अजितनं हळूच विचारलं, "याला तू काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? आंघोळ घातली. पंचामृत, मग हळदीचं पाणी, मग पुसून गंध." तिचा स्वर खाली खाली जाऊ लागला. "लॅपटॉपना मी थेंब लावला नाही हो, तू सांगितलंस ना. पण हे खरं शस्त्र म्हणालास. शस्त्राला स्नान घालतात रे…"

"तांदळात ठेवू का?" रोशन पुटपुटला. "अक्षता आहेत भरपूर."

अजित खुर्चीत बसला. नवं टोकन म्हणजे सहीचा दाखला देणाऱ्या कंपनीला पुन्हा कागद, पुन्हा खातरजमा, मग कुरिअर. त्यात ही सुट्टी. आठवडा तरी जाणारच. सगुणाबाईनं पिवळी बोटं पदराआड घेतली. प्रियदर्शनीनं तानूबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अक्का, संगणक बंद करून चालू करा. आता पर्याय दिसतील. टी, आर, ओ असं सुरू होणारा शब्द बघा."

"दिसायलाय."

"त्याच्यावर एंटर. पुढं ए, डी, व्ही. मग एस, टी, ए. आता तो पुन्हा सुरू होईल, आणि आकड्यांची यादी दाखवील."

मधे नुसती घरघर ऐकू येत होती. मागं कुणी बाई कानडीत पोत्यांवर पाणी मार म्हणून ओरडत होती. प्रियदर्शनीनं पदराचं टोक इतकं पिळलं, की जरीचा काठ दुमडला.

"आली यादी."

"सात दाबा. येळु, अक्का, येळु."

"येळु. सरी." क्षण गेला, दुसरा गेला. "अगं, आला! आपलं चित्र आलं, तुतीच्या झाडाचं! मगळे, आला गं!"

रोशननं टाळी वाजवली. अजितनं डोळे मिटून श्वास सोडला. "थँक गॉड. आता राहू दे तसंच. तानूबाई, नमस्कार, मी अजित. आता रीस्टार्ट करू नका, एवढंच. नवी सही झाली की आम्ही पाठवतोच."

"तसं ठेवता येत नाही," प्रियदर्शनी म्हणाली.

"का?"

"अजित, आत्ता त्या संगणकाचं दार सताड उघडं आहे. सही बघितलीच जात नाही, कुणीही माजघरात शिरेल. आणि पुन्हा उठताना तो पुन्हा सही मागणार. जागल्या काढायला हवा. सगळा, मुळापासून."

"काढायचा? पहिली कस्टमर आहे ती आपली!" त्याचा आवाज चढला. "तिनं काढला हे कळलं तर बाकीचे काय म्हणतील? आणि राखण कोण करणार? उघडं दार म्हणतेस, आणि राखणदारालाच हाकलतेस?"

"ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची साधी राखण असते. आपल्याइतकी घट्ट नाही, पण सही तरी बघते."

"तू लिहिलायस तो, प्रिया. पहिल्या ओळीपासून तू."

ते खरंच होतं. जागल्याची पहिली ओळ तिनं लिहिली ती याच खिडकीशी बसून. इतकी वर्षं कुणी विचारलं, काय करतेस गं बेंगळुरात, तर ती म्हणायची, राखण करते.

"अजितप्पा," फोनमधून तानूबाई बोलली. तिनं सगळंच ऐकलं होतं, हे त्या दोघांच्या तेव्हा ध्यानात आलं. "मला स्वल्प सांगा. लाइट गेली आणि हा बंद पडला, तर पुन्हा अडकणार काय?"

अजितनं प्रियदर्शनीकडे पाहिलं, मग आईकडे.

"तुमच्याकडे बॅटरी आहे ना?"

"हाय. घटकाभर चालतीय. आमच्याकडं लाइट कधी जाईल ते लाइटीलाबी ठाऊक नसतंय. मी विचारते ते सांगा. अडकणार का नाही?"

खाली रस्त्यावर कुणीतरी कोहळा फोडला, त्याचा थप्प असा आवाज वर आला.

"अडकणार," अजित म्हणाला.

"मग काढा त्याला. माझी लेकरं जगली तर पुन्हा बोलवीन की. रुसायला तो काय जावई हाय?"

जागल्या काढायचा तर परवलीचा शब्द लागे. कुणा चोरानं राखणदारालाच उचलून बाहेर टाकू नये, म्हणून प्रियदर्शनीनंच ती सोय केली होती, आणि तो शब्द अजितपाशी ठेवला होता. तिनं अक्कांना पायरी पायरीनं त्या चौकटीपर्यंत आणलं. मग फोन उचलून अजितसमोर धरला.

अजितनं फोन घेतला, स्पीकर बंद केला, भिंतीकडे तोंड केलं. एकेक अक्षर त्यानं सांगितलं. मधे एकदा अडला, खाकरला, पुढं गेला. सांगून झाल्यावर स्पीकर पुन्हा चालू करून, फोन परत देऊन तो तडक गॅलरीत निघून गेला.

"पट्टी सरकायलीय," तानूबाई म्हणाली. "निम्मी झाली… झाली. आता पुन्हा चालू करू म्हणतोय."

"करा. आता काही दाबू नका."

हे थांबणं सगळ्यांत वाईट होतं. प्रियदर्शनी खुर्चीतून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. सगुणाबाई पिवळे हात तसेच मांडीवर घेऊन तिच्या तोंडाकडे टक लावून बसली होती. रोशन एकटक फोनकडे बघत होता, जणू त्यातूनच काही उगवणार होतं.

"तुतीचं झाड!" फोन ओरडला. "ऐक, ऐक. जवळ धरते."

आधी खरखर झाली. मग एक बारीक, लांब फूत्कार ऐकू आला, तव्यावर पाण्याचे शिंतोडे पडावेत तसा, पण न थांबणारा. दालनातलं धुकं करणारं यंत्र सुरू झालं होतं.

"काकू, चाललं," प्रियदर्शनी म्हणाली. सगुणाबाईनं डोळ्यांना पदर लावला, आणि हळदीचा एक पट्टा गालावर ओढला गेला.

"अक्का, पिल्लं?"

"बघते. थोडी वाळलीत दाराकडची. दोन ट्रे गेले वाटतंय." तानूबाईचा आवाज जरा वेळ बुडाला. मग पुन्हा वर आला, खणखणीत. "बाकीची उठलीत गं! कात टाकून सगळी डोकी हलवायलीत. भूक लागलीय लेकरांना. ए, सोप्पु आणा गं, पाला! बारीक चिरा! मल्लाप्पा, दार ओढ, वारा येतोय!"

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला. तानूबाई तो बंद करायला विसरली होती. पलीकडून सुऱ्यांची सरसर ऐकू येऊ लागली, पाला चिरला जात होता. बांगड्या वाजत होत्या, ट्रे सरकत होते, आणि मधूनच कुणी कुणाला हळू म्हणत होतं.

"आता ठेव फोन, हो," रोशन म्हणाला. "झालं ना सगळं."

"हो," प्रियदर्शनी म्हणाली.

पण तिनं ठेवला नाही. त्या संगणकावर आता तिचं काहीच उरलं नव्हतं. आत काय शिरतंय, काय नाही, हे इथून तिला दिसणार नव्हतं, फक्त एवढं ऐकू येत होतं. दोन ट्रे गेले होते. वीज अजून एकदा जाईल, परत येईल, तेव्हा तो पुन्हा उठेल का, हे तिला कानांनी ऐकायचं होतं. तिनं चार्जरची वायर ओढली, फोनला लावली, आणि खुर्ची भिंतीजवळ घेऊन बसली. पलीकडे पाला चिरणं अजून चालूच होतं.